पत्ता बदलला, माणूस तोच!

भिलाईत कुणाचं घर शोधणं मुळीच अवघड नाही. सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर एवढ्या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून दिल्या की नागपूरहून पहिल्यांदाच आलेला पाहुणाही थेट दारात येऊन उभा राहतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि पोलाद कारखान्याबरोबर ही आखीव वसाहतही उभी राहिली. विदर्भातून नोकरीसाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं तिथली झाली.

या वसाहतीतला एक नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. क्वार्टर कारखान्याचं, राहणाऱ्याचं नव्हे. बढती मिळाली की मोठं क्वार्टर मिळतं आणि पत्ता बदलतो. निवृत्त झालं की ते सोडावं लागतं (काहींना ते दीर्घ मुदतीच्या लीजवर मिळालं, ती गोष्ट वेगळी). पण पत्ता कितीही वेळा बदलला तरी कारखान्याच्या दप्तरी कामगार तोच राहतो. कोण, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या क्वार्टरमध्ये होता, याची नोंदही तिथंच असते.

स्मार्टफोनचा आयपी अ‍ॅड्रेस नेमका असाच असतो. फोनवरून एखादी साइट उघडायची म्हणजे तिकडे निरोप धाडायचा आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर कुठं पाठवायचं हे समोरच्याला कळावं म्हणून हा आकड्यांचा पत्ता. तो फोनधारकाच्या मालकीचा नसतो. इंटरनेट पुरवणारी कंपनी तो तात्पुरता देते, काढून घेते, दुसऱ्याला देते. तरीही ‘आयपी बदलला की आपण कुणाला सापडत नाही’ असं कॉलेजात जाणारी मुलं घरोघरी छातीठोकपणे सांगतात. आईवडिलांना त्यातलं काही कळत नसतं, म्हणून तेही मान डोलावतात. मुलगा हुशार आहे, एवढाच त्यांचा समज होतो!

आधी हे पत्ते इतके उलटसुलट का होतात ते पाहू. जुन्या पद्धतीत जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य होते. इंटरनेट जन्माला आलं तेव्हा ते अमाप वाटले. पण फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. मग काटकसर आली. घरातल्या वायफायवर चार फोन आणि एक टीव्ही असला, तरी बाहेरच्या जगाला सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो. आतल्या आत मात्र राउटर प्रत्येकाला १९२.१६८.१.५ अशा थाटाचा खासगी आकडा देतो. मोबाइल कंपन्या तर एकेका पत्त्यामागं असंख्य ग्राहक बसवतात. मोठ्या चाळीची एकच टपालपेटी असावी आणि कुठलं पत्र कुठल्या खोलीचं हे फक्त व्यवस्थापकाच्या वहीवरून कळावं, तसा हा प्रकार. टंचाईवर उपाय म्हणून लांबलचक आकड्यांची नवी पद्धत, म्हणजे आयपीव्ही ६, जून २०१२ पासून जगभर रीतसर सुरू झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर भारतात ती झपाट्यानं पसरली. जुनी पद्धत मात्र अजूनही सोबतीला आहेच.

पत्ता बदलणं म्हणाल तर सोपं आहे. मोबाइल डेटा चालू असेल तर फोन मिनिटभर फ्लाइट मोडवर टाकून पुन्हा चालू करावा. बहुतेक वेळा कंपनी नवा पत्ता देते. घरच्या वायफायवर आतला पत्ता बदलायचा असेल, तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या नावापुढच्या खुणेवर बोट ठेवून आयपी सेटिंग्जमध्ये ‘डीएचसीपी’च्या जागी ‘स्टॅटिक’ निवडायचं आणि आकडा हातानं भरायचा. आयफोनमध्ये हेच काम ‘कॉन्फिगर आयपी’मध्ये ‘मॅन्युअल’ निवडून होतं. दोन उपकरणांना चुकून एकच आकडा मिळाला आणि वायफाय अडखळू लागलं, तर हा उपाय कामाचा आहे. त्यानं बाहेर दिसणारा पत्ता मात्र तसूभरही बदलत नाही. क्वार्टरच्या आतल्या खोल्यांची अदलाबदल केली तर पोस्टमनला त्याचं काय!

बाहेरचा पत्ता ठरवून बदलायचा, तर लोक व्हीपीएन वापरतात. फोनचा सगळा निरोप बंद लिफाफ्यात घालून आधी एका मध्यस्थाकडे जातो आणि तो स्वतःच्या पत्त्यावरून पुढं धाडतो. भिलाईच्या सेक्टर ६ मधला फोन मग सिंगापूरचा किंवा लंडनचा वाटू लागतो. यात गैर काही नाही. रायपूर स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं फुकट वायफाय वापरताना मधल्या कुणी डोकावू नये म्हणून व्हीपीएन उपयोगी पडतं. घरून काम करणाऱ्यांना तर ऑफिसच तसं सक्तीनं सांगतं. भारतात व्हीपीएन वापरणं हा सरसकट गुन्हा नाही. काही ठिकाणी सुरक्षेच्या कारणासाठी तेवढ्यापुरते बंदीआदेश निघतात, तेवढाच अपवाद.

प्रश्न येतो तो बंद दार उघडण्यासाठी पत्ता बदलला जातो तेव्हा. भिलाईचं नाव गेल्या काही वर्षांत पोलादापेक्षा वेगळ्याच कारणानं देशभर गाजलं. ‘महादेव’ या सट्टेबाजीच्या अ‍ॅपचे सूत्रधार म्हणून सक्तवसुली संचालनालयानं, म्हणजे ईडीनं, ज्यांच्यावर ठपका ठेवला ते सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल दोघंही भिलाईचे. ईडीच्या म्हणण्यानुसार धंद्याचं मुख्य ठाणं संयुक्त अरब अमिरातीत होतं आणि ओळखीपाळखीच्या लोकांना ७०-३० टक्के नफ्याच्या बोलीवर ‘पॅनल’ चालवायला दिली जात. सप्टेंबर २०२३ मध्ये ४१७ कोटी रुपयांची मालमत्ता गोठवल्याचं किंवा जप्त केल्याचं ईडीनं जाहीर केलं. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं ‘महादेव’सह अशी २२ अ‍ॅप आणि साइट बंद करण्याचा आदेश काढला. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदाच मंजूर केला. परदेशातून चालवून भारतात पुरवल्या जाणाऱ्या खेळांनाही तो लागू आहे.

पण साइट बंद झाली की दोन तासांत कुणीतरी मित्र सांगतोच, ‘व्हीपीएन टाक, उघडेल!’ आणि उघडतेही. साइट बंद करण्याचा आदेश इथल्या इंटरनेट कंपन्यांनी पाळायचा असतो. निरोप परदेशातून फिरून आला की तो अडत नाही. पुढची पायरी गंभीर असते. अशा धंद्यांना पैसे फिरवायला बँकखाती लागतात, आणि ती स्वतःच्या नावावर कोण ठेवणार? मग एखाद्या बेकार तरुणाला किंवा कॉलेजातल्या मुलाला सांगितलं जातं की खातं तुझं, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे, महिन्याला अमुक इतके रुपये. मुलाला वाटतं, आपण तर काहीच केलं नाही, शिवाय आयपी बदललेला आहे. इथंच त्याची फसगत होते. खात्याला आयपी लागत नाही. त्याला आधार, पॅन आणि सही लागते, आणि ती मुलाचीच असते.

यूपीआयचं उदाहरण घ्या. अ‍ॅप प्रथम सुरू करताना फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि खातं त्या सिमशी व त्या फोनशी जोडलं जातं. त्यानंतर फोनचा पत्ता भिलाईचा दिसो की ब्राझीलचा, पैसे कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात गेले याची नोंद जशीच्या तशी राहते. गुगल किंवा फेसबुकवर स्वतःच्या नावानं लॉगिन करून व्हीपीएन चालू करणारा माणूस म्हणजे बुरखा घालून छातीवर नावाची पाटी लावणारा! फोनला स्वतःचा आयएमईआय नंबरही असतो. *#०६# दाबलं की तो दिसतो आणि मोबाइल टॉवरपाशी त्याची नोंद होत असते. आयपी बदलल्यानं तो बदलत नाही. तो बदलून देणारे ‘कारागीर’ बाजारात भेटतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

मध्यस्थाचाही विचार करायला हवा. व्हीपीएन वापरल्यानं नजर नाहीशी होत नाही. इंटरनेट कंपनीला जे दिसायचं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, एवढाच फरक. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, संपर्क आणि त्यांना दिलेले पत्ते ५ वर्षं जपून ठेवण्याचा आदेश दिला. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले.

या झाल्या पैसे घेणाऱ्या नामांकित कंपन्या. फुकटवाल्यांची कथा निराळी. फेसबुकच्या मालकीचं ‘ओनावो’ हे फुकट व्हीपीएन लोक कुठली अ‍ॅप किती वापरतात याची माहिती गोळा करत होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या दुकानातून काढावं लागलं. २०१५ मध्ये ‘होला’ या फुकट सेवेबद्दल तर असं उघड झालं, की ती आपल्याच वापरकर्त्यांचं इंटरनेट कनेक्शन इतरांना विकत होती. आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेनं ‘९११ एस-५’ नावाचं जाळं मोडून काढलं. फुकट व्हीपीएनच्या नावाखाली लोकांच्या संगणकांत शिरून त्यांचे पत्ते गुन्हेगारांना भाड्यानं देण्याचा तो उद्योग होता. सुमारे २०० देशांतले १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते त्यात सापडले. म्हणजे दुसऱ्याचा पत्ता फुकट मिळवायला गेलेल्यांचाच पत्ता परस्पर वापरला गेला. चोरी कुठल्याशा परक्यानं केली आणि पत्ता निघाला कुण्या गरीब बिचाऱ्याचा.

पत्त्यावरून भलत्याच माणसाला धरलं जाण्याची धास्ती कल्पनेतली नाही. २००७ मध्ये ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा गुन्हा पुणे पोलिसांनी नोंदवला. तपास आयपी पत्त्यावरून झाला आणि बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक झाली. दूरसंचार कंपनीकडून मिळालेली माहितीच चुकीची होती! हे स्पष्ट होऊन सुटका होईपर्यंत त्या तरुणाचे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले. एकाच पत्त्यामागं आज कितीतरी ग्राहक असतात. तेव्हा नुसता आकडा पुरत नाही. नेमकी वेळ लागते, आणि ती भारतीय वेळ की ग्रीनिचची, हेही तपासावं लागतं. साडेपाच तासांची गफलत झाली तर पत्ता तोच, पण फोन दुसऱ्याच कुणाचा निघायचा.

म्हणून घरातल्यांनी तंत्र नाही कळलं तरी चार प्रश्न विचारायला संकोच करू नये. फोनच्या वरच्या पट्टीत किल्लीसारखी खूण किंवा ‘व्हीपीएन’ ही अक्षरं दिसली, तर ते कशासाठी, हे मुलाला विचारावं. ऑफिससाठी असेल तर तो सरळ सांगेल. आजोबांच्या फोनवर नातवानं क्रिकेट बघायला म्हणून काही टाकून दिलं असेल, तर ते काढून टाकलेलं बरं. त्याच फोनवर त्यांचं पेन्शनचं खातं असतं! वायफायचा पासवर्ड शेजारीपाजारी वाटू नये, आणि राउटरला कंपनीनं दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फुकट पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच तक्रार नोंदवावी.

आणि मुलानं खातं कुणाला ‘वापरायला’ दिलं असल्याचं कळलं, तर आरडाओरडा नंतर. आधी त्याच दिवशी बँकेत जाऊन खातं आणि कार्ड बंद करायला सांगावं. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावं. सिम दुसऱ्याच्या हातात असेल तर तेही बंद करून घ्यावं. वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांत स्वतःहून जबाब देता येतो. बँकेत दिलेल्या अर्जाची पोच मागून घ्यावी, आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी.