क्रमवारीपेक्षा पाठपुरावा मोठा

नैराश्याचे निदान झाले की रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. यातली सगळ्यांत चांगली गोळी कोणती, आणि तिची सवय तर लागणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना सरळ उत्तर मिळायला हवे आणि आज ते बऱ्याच अंशी देताही येते.

पहिल्या प्रश्नाचा सर्वांत मोठा धांडोळा २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डचे आंद्रेया चिप्रियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ औषधांवरच्या ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ प्रौढ रुग्णांची माहिती एकत्र केली. प्रत्येक औषधाची इतर प्रत्येक औषधाशी थेट तुलना झालेली नसते. म्हणून ‘अ’ची ‘ब’शी आणि ‘ब’ची ‘क’शी झालेली चाचणी पाहून ‘अ’ आणि ‘क’ यांतला फरक काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत त्यांनी वापरली. प्रसिद्ध न झालेल्या चाचण्यांची माहितीही मिळेल तेवढी मिळवली. साधारण आठ आठवड्यांच्या उपचारात २१ पैकी प्रत्येक औषध प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, सरस ठरले. सर्वांत वर आले ते अमिट्रिप्टिलिन हे साठ वर्षांहून जुने औषध आणि सर्वांत खाली रेबॉक्सेटिन. औषधांची थेट आपसांत झालेली तुलना पाहिली तेव्हा एस्सिटॅलोप्रॅम, मिर्टाझापिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही नावे वरच्या गटात दिसली. फ्लुऑक्सेटिन आणि ट्रॅझोडोन खालच्या गटात.

एवढेच वाचले तर अमिट्रिप्टिलिन लिहून द्यावे आणि मोकळे व्हावे. पण याच अभ्यासात दुसरीही एक यादी आहे आणि ती आम्हाला पहिलीहून महत्त्वाची वाटते. औषध मध्येच सोडून देणाऱ्या रुग्णांची ती यादी. त्यात अमिट्रिप्टिलिन, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन यांच्याकडून रुग्ण जास्त पळाले. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम ही औषधे रुग्णांनी तुलनेने निभावली. कारण उघड आहे. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही, दिवसभर गुंगी राहते. पहाटे उठून दूध काढायचे किंवा रात्रपाळीत रिक्षा चालवायची असेल तर अशी गोळी किती दिवस घेतली जाईल? शिवाय हे औषध एकदम जास्त घेतले गेले तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. ज्याच्या मनात मरणाचे विचार घोळत आहेत त्याच्या हाती महिन्याभराची पाकिटे देणे हा निर्णय परिणामकारकतेच्या आकड्यावरून घ्यायचा नसतो. फ्लुऑक्सेटिनच्या गटातली औषधे या बाबतीत कितीतरी सुरक्षित आहेत.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी याच माहितीचे पुन्हा विश्लेषण करून ‘बीएमजे ओपन’मध्ये आक्षेप नोंदवला की या पुराव्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. त्यांचा एक मुद्दा नैराश्य मोजण्याच्या हॅमिल्टन मोजपट्टीवर उभा आहे आणि ती पट्टी जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्यात १७ प्रश्न आणि कमाल ५२ गुण असतात. मन किती उदास, कामात रस किती, अपराधीपणा किती, वजन घटले का, अशी एकेक लक्षणे डॉक्टर विचारतात आणि गुण देतात. औषध आणि प्लासिबो यांच्यात सरासरी फरक पडतो तो या ५२ पैकी दोनेक गुणांचा. एकट्या झोपेवर तीन प्रश्न आहेत: झोप लागायला उशीर, मध्येच जाग, पहाटे लवकर जाग. मिळून सहा गुण. म्हणजे गुंगी आणणारे औषध, मनावरचे मळभ तसूभर न हटताही, नुसत्या झोपेच्या जोरावर दोन गुण मिळवू शकते. अमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन दोन्ही वरच्या गटात आहेत आणि दोन्ही झोप आणतात. यश सगळे झोपेचेच, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. झोप परत येणे ही रुग्णाच्या लेखी लहान गोष्ट नव्हेच. पण क्रमवारी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

पुराव्याच्या शुद्धतेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. एरिक टर्नर यांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या आणि वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेले अहवाल शेजारी ठेवले. अनुकूल निकालाच्या ३८ चाचण्यांपैकी ३७ छापल्या गेल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ अशा लिहिल्या गेल्या की निकाल अनुकूल वाटावा. रेबॉक्सेटिनबद्दल २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले की त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांची माहिती जगासमोर आलीच नव्हती. ती आल्यावर औषधाचा टिकाव लागला नाही. चिप्रियानींच्या अभ्यासातल्याही बहुतेक चाचण्या औषध कंपन्यांच्या पैशावर झालेल्या आहेत. त्यामुळे ‘शास्त्राने सिद्ध झाले आहे’ एवढ्या वाक्यावर कोणी समाधान मानू नये.

मग औषधे निरुपयोगी आहेत का? नाहीत. सरासरी दोन गुणांच्या मागे वेगवेगळी माणसे दडलेली असतात. अमेरिकी नियंत्रकांकडच्या २३२ चाचण्यांतील ७३,३८८ रुग्णांची वैयक्तिक माहिती तपासणारा अभ्यास २०२२ मध्ये ‘बीएमजे’त आला. त्यात सरासरी फरक दोन गुणांहूनही थोडा कमी भरला. मात्र सुमारे १५ टक्के रुग्णांना प्लासिबोने मिळाला नसता असा भरघोस लाभ औषधाने झाल्याचे दिसले. शंभरातले पंधरा. जेवण सोडलेली, अंथरूण न सोडणारी, लेकरांशी बोलणे थांबवलेली शंभर माणसे समोर असतील तर हा आकडा छोटा नाही. उरलेल्यांपैकी अनेकांना बरे वाटते, पण त्यात काळाचा, आशेचा आणि कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत असल्याचा वाटा मोठा असतो. अडचण एवढीच की त्या पंधरांत आपला रुग्ण आहे की नाही हे गोळी सुरू करण्याआधी कोणालाच सांगता येत नाही.

म्हणूनच पहिल्या गोळीवर सगळे अवलंबून ठेवणे चूक आहे. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात सुमारे चार हजार रुग्णांना आधी सिटॅलोप्रॅम दिले आणि गुण न आल्यास पायरीपायरीने औषध बदलले किंवा जोडले. २००६ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार पहिल्या पायरीवर साधारण एक तृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले आणि चार पायऱ्यांअखेर ६७ टक्के. २०२३ मध्ये मूळ आराखड्याप्रमाणे फेरमोजणी झाली तेव्हा हा आकडा ३५ टक्क्यांवर आला. इतकी मोठी तफावत संशोधकांसाठी लाजिरवाणी आहे. पण दोन्ही मोजण्यांत एक गोष्ट कायम राहते: पहिल्या औषधाने बरे न वाटणारे रुग्ण जास्त असतात आणि प्रत्येक पुढच्या पायरीवर गळती वाढत जाते. त्यांना परत बोलावणारे कोणी असावे लागते.

या बाबतीत गोव्याइतका बोलका अनुभव जगात क्वचित कुठे नोंदलेला असेल. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागात मानसिक त्रासाच्या ४५० रुग्णांवर केलेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्लुऑक्सेटिन, प्लासिबो आणि समुपदेशन अशी तीन गटांची ती तुलना होती. दोन महिन्यांनंतर फ्लुऑक्सेटिन प्लासिबोपेक्षा सरस ठरले. समुपदेशन ठरले नाही. जागतिक यादीत खालच्या गटात बसलेली हीच ती स्वस्त गोळी. समुपदेशनाचा तो निकाल अंतिम मानून पटेल आणि त्यांची ‘संगाथ’ संस्था थांबली नाही, हे विशेष. पुढे ‘मानस’ प्रकल्पात स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. रुग्णाला आजार समजावणे, गोळी चालू आहे ना हे विचारणे, आला नाही तर शोधणे, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे, हे त्यांचे काम. २०१० च्या निकालात सरकारी केंद्रांतले ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी सावरले होते. अशी सोय नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. २०१७ मध्ये सहा ते आठ भेटींच्या सुधारित समुपदेशनाचा निकाल आला. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत लक्षणमुक्त झाले, नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे योग्य नाही, हे मान्य. तरीही सरकारी केंद्रांतला २३ टक्क्यांचा हा फरक आणि दोन गोळ्यांमधला फरक यांचे वजन सारखे नाही, एवढे तरी उघड आहे.

राहिला सवयीचा प्रश्न. दारू किंवा झोपेच्या काही गोळ्यांची लागते तशी तलफ या औषधांची लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण ‘काहीच होत नाही’ असे सांगणेही खोटे. औषध एकाएकी बंद केले की गरगरणे, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके, विचित्र स्वप्ने असा त्रास होऊ शकतो. २०२४ मधल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, प्लासिबो बंद करणाऱ्यांनाही जाणवणारा त्रास वजा केल्यावर, साधारण सहा-सात जणांमागे एकाला हा त्रास औषधामुळे होतो. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या इंग्लंडमधल्या ४७८ रुग्णांच्या चाचणीत औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात नैराश्याने पुन्हा गाठले, बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. हा आकडा दोन्हीकडून वाचता येतो. औषध राखण करते हे खरे. बंद करूनही शंभरातले ४४ जण ठीक राहिले हेही खरे. निर्णय रुग्णासोबत बसून घ्यायचा.

आमचे मत असे. सौम्य नैराश्यात समुपदेशन, दिनक्रम आणि व्यायाम यांना आधी संधी द्यावी. मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध टाळू नये. सुरुवात एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन किंवा फ्लुऑक्सेटिन यांसारख्या निभावता येणाऱ्या औषधाने करावी. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना धावपळीचा काळ येऊन गेला का हे विचारल्याशिवाय मात्र करू नये, कारण द्विध्रुवी आजारात नुसती हीच गोळी मन उलट्या टोकाला नेऊ शकते. गुण येत नाही म्हणून डोस चढवत राहण्याचा फायदा मर्यादित आहे. दोन आठवड्यांनी भेट व्हावी, सहा-आठ आठवड्यांत पुरेसा फरक नसेल तर योजना बदलावी. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत अधिक लक्ष ठेवावे, कारण या वयात आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका नोंदला गेला आहे.

आणि सरकारसाठी. बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम आणि अमिट्रिप्टिलिन तिन्ही आहेत. ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने उपलब्ध हवीत आणि ती घेणाऱ्याची विचारपूस करणारा एक प्रशिक्षित माणूस तिथे पगारावर हवा. गोव्यातल्या सरकारी केंद्रांत हे करून झाले आहे. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने त्यासाठी पद आणि तरतूद करावी.

तुमच्या घरात कोणी ही गोळी घेत असेल तर पहिले दोन-तीन आठवडे धीर द्या. मळमळ आणि अस्वस्थता आधी येते, गुण नंतर. बरे वाटू लागले म्हणून गोळी परस्पर बंद करू देऊ नका, आणि त्रास होत असेल तर तो सोसायला न लावता डॉक्टरांकडे घेऊन जा. जवळ डॉक्टर नसेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले जात असतील तर ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतूनही चालतो.