पलतडीला कोण निघाली होती?

पेडणे महालात ‘पलतड’ हा शब्द कोणास फोड करून सांगावा लागत नाही. उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मधोमध हा महाल वसलेला. चोपडे-शिवोलीचा पूल झाला नव्हता तोवर पार्से गावच्या माणसास त्या वाटेने म्हापशाचा बाजार गाठायचा म्हणजे काठावर उभे राहून पलतडीकडे डोळे लावणे आलेच. रात्र झाली, ओहोटी लागली, किंवा तारी जेवायला गेला, की सगळे जग त्या बाजूस आणि आपण या बाजूस! तेव्हा ‘हांव सायबा पलतडी वयतां’ ही देखणी खरे पाहता आम्हां पेडणेकरांना इतरांहून अंमळ अगोदर कळावयास हवी होती. ती कळली नाही. आज पार्शात कुणाच्या लग्नाच्या मांडवात ती चाल वाजू लागली की पोरे नाचतात, बाप्ये ताल धरतात, आणि ओठांवर शब्द येतात ते ‘बॉबी’ चित्रपटातले. तरुणांस विचारावे तर ते म्हणतात, हे ‘बॉबी’तले गाणे. वडीलधाऱ्यांस विचारावे तर ते म्हणतात, गाणे आमचे, मुंबईकरांनी चोरले. ही दोन्ही उत्तरे आम्हांस मान्य नाहीत. आणि स्पष्टच बोलायचे तर दुसऱ्या उत्तराची आम्हांस अधिक चीड आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. राज कपूर यांचा ‘बॉबी’ १९७३ च्या सप्टेंबरात पडद्यावर आला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. ‘ना मांगूँ सोना चाँदी’ हे गीत विठ्ठलभाई पटेल यांनी लिहिले, मन्ना डे व शैलेंद्र सिंग यांनी गायिले. गोमंतकीय कोळी म्हणून दाखविलेला जॅक ब्रागांझा, भोवती नाचणारी माणसे, आणि त्यांच्या मधोमध नायक सांगतो की आपणांस धनदौलत नको, प्रेमात देवघेवीचा व्यवहार नसतो. चाल देखणीची, ठेका देखणीचा. गाणे साऱ्या हिंदुस्थानच्या तोंडी झाले. यात वाईट काय, असा प्रश्न कोणी करील. चालीपुरते म्हणाल तर काहीच नाही. चाली नेहमीच नदीपार होत आल्या आहेत; मराठी नाट्यसंगीताने कानडी आणि हिंदुस्थानी चाली उचलल्या त्या वेळी आमच्या वाडवडिलांनी टाळ्याच दिल्या होत्या.

पण अर्थाचे काय झाले ते पाहावे. मूळ देखणीत व्यवहाराखेरीज दुसरे आहे काय? एक कलावंतीण नदीकाठी उभी आहे. पलतडीला दामूचे लग्न आहे, मांडवात कलावंतिणींचा खेळ ठरलेला आहे, आणि तिला तेथे पोचावयाचे आहे. तिला वाट ठाऊक नाही. ती नावाड्यास विनविते. तो ऐकत नाही. मग ती अंगावरचा एकेक दागिना काढून त्याच्यापुढे धरते. ‘घे’ म्हणते ती, आणि ‘नको’ म्हणतो तो. ही प्रेमाची लाडीगोडी नव्हे. ही कामावर निघालेल्या बाईची अडलेली वाट आहे. वेळेवर पोचली नाही तर तिचा शब्द जाईल, बिदागी जाईल, पुढचे बोलावणेही जाईल. म्हणून ती ज्या दागिन्यांवर नाचावयाचे तेच दागिने उतराईत द्यावयास निघाली आहे.

चित्रपटाने त्या देण्यातला ‘घे’ तेवढा ठेवला. कोण देते, काय देते, कशापायी देते, हे सारे गळून पडले. शब्दाचा नाद उरला आणि त्या नादावर एका श्रीमंत घरच्या मुलाची निरिच्छता रचली गेली. सोने नको म्हणणे त्याला परवडते. जिला सोने काढून द्यावे लागत होते ती बाई मात्र गाण्यातून उतरविली गेली. इतकी उफराटी उलथापालथ इतक्या गोड चालीवर झाली की पन्नास वर्षे उलटून गेली तरी पुष्कळांच्या ती ध्यानातही आलेली नाही.

आता चोरीच्या आरोपाकडे वळू. ‘मुंबईकरांनी चोरले’ असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्ये कोण वाजवीत होते ते आठवावे. सेबास्टियन डिसोझा, हळदोण्याचा चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ही सारी गोमंतकाचीच माणसे. प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे शिष्य; १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचे नाव गाण्यात गुंफून त्यांनी ते ऋण जगजाहीरही केले. आणि ही देखणी पडद्यावर प्रथम आणली ती फ्रँक फर्नांड यांच्याच ‘आमचें नशीब’ या कोंकणी चित्रपटाने, १९६३ साली, म्हणजे ‘बॉबी’च्या दहा वर्षे आधी. देणारेही आम्ही, वाजविणारेही आम्ही, नाचणारेही आम्ही. मग चोर म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे? श्रेयनामावलीत मूळ देखणीचा नामोल्लेख व्हावयास हवा होता हे निर्विवाद. परंतु ‘पारंपरिक लोकगीत’ असे मोघम बिरूद आम्ही स्वतः तिला लावून ठेवले, आणि ज्याला धनी नाही ते कोणीही उचलावे हा बाजाराचा नियम आहे.

वास्तविक ही देखणी निनावी नाही. कार्लोस एउजेनियो फेरैरा (१८६९-१९३२) यांच्या नावे तिची स्वरलिपी छापली गेली. बास्तोड्याच्या रांजेल छापखान्याने ती १९२६ साली प्रसिद्ध केली. आमच्या सभासंमेलनांतून तिला ‘गोव्याचे लोकनृत्य’ म्हणून पुकारणाऱ्या किती निवेदकांच्या तोंडी हे नाव आम्ही ऐकले? एकाच्याही नाही.

येथवर वाचून आमचे काही हिंदू वाचक मनातल्या मनात म्हणत असतील की फेरैरा काय आणि राज कपूर काय, दोघेही बाहेरून पाहणारेच. या आक्षेपात तथ्य आहे. देखणी हा प्रकारच तसा. ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत, पाश्चात्त्य सुरावटीवर, हिंदू कलावंतिणीचे सोंग घेऊन, पायांत घुंगरू बांधून केलेले नाचगाणे. त्यात कौतुक होते, थोडी नवलाई होती, अंतरही होते. त्या दिवाणखान्यात खरी कलावंतीण आली असती तर तिला कोणत्या दाराने आत घेतले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तथापि एवढे कबूल करावेच लागेल की त्या सोंगात ती बाई होती. तिचे काम होते, तिची घाई होती, तिचा नावाड्याशी चाललेला झगडा होता. परक्याने का होईना, तिच्या अडचणीवर अख्खे गाणे रचले.

आणि आम्ही? ज्यांच्या देवळांत ती गात-नाचत होती, ज्यांच्या पालखीपुढे तिचे पाय थिरकत होते, त्या आम्ही तिच्यावर कोणते गाणे रचले? आमच्या भक्तिवाङ्मयात पैलतीर आहे, नौका आहे, पार नेणारा पांडुरंगही आहे. पण खऱ्या नदीवर खऱ्या रात्री अडकलेल्या बाईसाठी आमच्या मराठीत ओळ नाही. आम्ही तिचे गाणे घेतले, तिच्या मुलांना बापाचे नाव दिले नाही. राजाराम पैंगीणकर यांच्या १९६९ साली निघालेल्या आत्मचरित्राचे नाव ‘मी कोण?’ असे आहे. ते नाव एकदा शांतपणे वाचावे, आणि मग मुंबईकरांना चोर म्हणावे.

या समाजाने गोमंतकास काय दिले याची मोजदाद या लेखात मावणार नाही. मालपे हे गाव आमच्याच महालातले. तेथल्या अंजनीबाई मालपेकरांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. केरीच्या केसरबाईंचा भैरवीतला सूर १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. त्या तबकडीवर काय पाठवायचे हे ठरविणाऱ्यांनी गाणारीचे नाव विचारले आणि नोंदवून ठेवले. सातासमुद्रांपलीकडच्या माणसांना हे सुचले. आम्हांला गावच्या मांडवात एक नाव उच्चारण्याचे सुचत नाही.

एक योगायोग आमच्या मनातून जात नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे पेडण्यात जन्मले, आणि ते याच गोमंतक मराठा समाजातले. १९६१ च्या मुक्तीनंतर दोनच वर्षांत बहुजनांनी त्यांस सत्तेवर बसविले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढल्याच महिन्यात ‘बॉबी’ आला. ज्या समाजाचा मुलगा राज्याचा प्रमुख झाला होता त्याच समाजाची स्त्री त्या वर्षीच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकातून नाहीशी झाली, आणि गोमंतकात कोणास काही हरवल्यासारखे वाटले नाही. उलट आपली चाल साऱ्या देशात वाजते याचा अभिमानच वाटला.

आमच्या या म्हणण्यास एक गंभीर हरकत घेतली जाते, आणि ती घेणारी माणसे आदरास पात्र आहेत. ती म्हणतात: आमच्या आज्या-पणज्यांनी जे भोगले ते आम्ही कष्टाने मागे टाकले, शिकलो, नाव बदलले, मान मिळविला, आता गाण्याच्या निमित्ताने ते उकरून काढू नका. या माणसांपुढे आमचा आवाज आपोआप खाली येतो. कोणाच्या घराण्याचा शोध घेण्याचा अधिकार आम्हांस नाही, कोणालाच नाही. पण गाण्यातली स्त्री ही कोणा एका घरची नाही. तिचा धंदा लपविला म्हणजे लाज तिच्या वाट्याला गेली. आणि ती लाज वस्तुतः तिची नव्हती, बिदागी ठरवून तिला बोलावणाऱ्या दामूच्या मांडवाची होती. गाण्यातून ती वगळली गेली की मांडवही निर्दोष सुटतो. आम्हांस खुपते ते हेच.

‘सिनेमा हा सिनेमा, त्यात इतके काय पाहायचे’ असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात आम्हांस स्वारस्य नाही. ते गाणे वाजू नये अशीही आमची मागणी नाही. चाल सुरेख आहे, आमचेही पाय हलतात. आमचे मागणे अगदी लहान आहे. शाळेच्या संमेलनात मुलींना अर्धी साडी नेसवून, अबोलीचा गजरा माळून देखणी बसविणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी त्यांना एवढे सांगावे की तुम्ही कोणाचे सोंग घेतले आहे, ती कोठे निघाली होती, आणि दागिने का काढीत होती. मुली हे समजण्याइतक्या मोठ्या असतात. भगवतीच्या पटांगणात ध्वनिक्षेपक लावणाऱ्या तरुणांनी ‘बॉबी’ वाजवायचे तर वाजवावे, पण त्याच्या आधी एकवार मूळ देखणी लावावी. आणि निवेदकाने ‘लोकनृत्य’ हा शब्द गिळून फेरैरांचे नाव घ्यावे, कलावंतिणीचे घ्यावे. पार्शात येत्या शिगम्यात हे कोणी करणार असेल तर चोपड्याच्या धक्क्यावरून चालत यावे लागले तरी आम्ही ऐकावयास येऊ.