वाकलेला कणा आणि सरळ सवाल

सातवी-आठवीतील मुलीच्या नव्या गणवेशाचे माप घेताना शिंप्याच्या लक्षात येते, की तिचा एक खांदा दुसऱ्याहून खाली आहे. घरची मंडळी आधी दप्तराच्या ओझ्याला दोष देतात, मग तिच्या बसण्याच्या पद्धतीला. यथावकाश क्ष-किरण तपासणी होते आणि 'स्कोलिओसिस' हा अपरिचित शब्द त्या घरात प्रवेश करतो. अस्थिरोगतज्ज्ञ बाकाची वाढ, पट्टा आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया अशी भाषा बोलतात. आईवडिलांच्या मनात त्यातला 'शस्त्रक्रिया' हा एकच शब्द घर करून राहतो. त्याच रात्री मोबाइलच्या पडद्यावर दुसरा मार्ग दिसू लागतो. टाळी वाजावी तसा आवाज, रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू आणि खाली मजकूर : शस्त्रक्रियेविना कणा सरळ. मुंबई-पुण्यासह देशातील मोठ्या शहरांत कायरोप्रॅक्टिक उपचारांची जी चलती गेल्या काही वर्षांत झाली आहे, तिच्या मुळाशी अशा चित्रफितींचा वाटा मोठा आहे. त्यांतील दाव्याची तपासणी म्हणूनच आवश्यक ठरते.

स्कोलिओसिस म्हणजे पाठीच्या कण्याला बाजूला पडलेला बाक. त्यात मणके स्वतःभोवती पिळलेही जातात. बाकाचे माप अमेरिकी शल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये रूढ केलेल्या कोनाने घेतले जाते आणि हा कोन १० अंश वा अधिक असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयातील साधारण दोन ते तीन टक्के मुलांमध्ये तो आढळतो. बहुतेकांच्या बाबतीत त्याचे नेमके कारण सापडत नाही. दप्तर वा वाकून बसणे हे त्याचे कारण असल्याचा पुरावा नाही. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, हा महाराष्ट्र सरकारचा २०१५ चा निर्णय इतर कारणांसाठी स्वागतार्हच होता. पण त्याने हा विकार टळत नाही. छोटे बाक मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखेच दिसतात. मात्र वाढत जाऊन उपचारांची वेळ आणणारे बाक मुलींमध्ये कितीतरी अधिक असतात.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट या गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका सफाई कामगाराचा मणका हाताने दाबून त्याचे गेलेले ऐकू येणे परत आणल्याचा दावा केला आणि बहुतेक रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असल्याचा सिद्धांत मांडला. पुढे या पद्धतीची महाविद्यालये निघाली, परवाने मिळाले. अमेरिकी वैद्यक संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर घातलेला बहिष्कार बेकायदा असल्याचा निकाल १९८७ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने दिला. कंबरदुखीच्या बाबतीत मणक्यांच्या हाताळणीला आज काहीएक मान्यताही आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांविना करावयाच्या उपायांमध्ये तिचा समावेश आहे. तेव्हा ही सारी पद्धत थोतांड आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न मर्यादित आहे. दुखणे कमी होणे वेगळे आणि वाकलेला कणा सरळ होणे वेगळे.

या दुसऱ्या दाव्याची पडताळणी खुद्द कायरोप्रॅक्टर संशोधकांनीही केली आहे. त्यांच्याच क्षेत्रातील एका नियतकालिकात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६ ते १७ वर्षे वयाच्या ४२ मुलांवर उपचार करण्यात आले. त्यांचे बाक ६ ते २० अंशांचे, म्हणजे सौम्य होते. हाताळणी, टाचेखालची उंची आणि बसण्या-उठण्याचे मार्गदर्शन असे सारे करूनही बाक कमी झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २००८ मध्ये इटलीतील संशोधकांनी हाताने करावयाच्या उपचारांवरील उपलब्ध शोधनिबंध एकत्र तपासले, तेव्हा ठोस निष्कर्ष काढता येईल इतकी दर्जेदार माहितीच त्यांना आढळली नाही.

मग समाधानी रुग्ण कोठून येतात? कॉब कोन मोजताना पाच अंशांपर्यंतचा फरक मापनाच्या चुकीतच जमा होतो. मोजणारा बदलला, उभे राहण्याची ढब बदलली, तरी आकडा बदलतो. '२२ अंशांचा बाक १८ वर आला' या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. शिवाय सौम्य बाकांपैकी अनेक बाक काहीही न करता आहे तेथेच थांबतात. त्यांचे श्रेय त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला मिळते. राहिला तो आवाज. सांध्यातील द्रवावरचा दाब एकाएकी घटून वायूची पोकळी तयार होते आणि त्यातून 'टक्' असा ध्वनी उमटतो, असे संशोधक मानतात. मणका जागेवर बसल्याची ती पावती नव्हे. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. झटक्यावरची ही श्रद्धा जुनीच आहे, फक्त आता तिला वातानुकूलित दालन आणि इंग्रजी नाव मिळाले आहे.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. शस्त्रक्रियेविना उपचार ही कल्पना खोटी नाही. साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यानचा बाक आणि वाढीचे वय शिल्लक असेल, तर शरीराच्या मापाचा कडक पट्टा, म्हणजे ब्रेस, हा सिद्ध झालेला उपाय आहे. अमेरिका व कॅनडातील २५ केंद्रांत झालेल्या आणि २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या पातळीला पोहोचला नाही. नुसते लक्ष ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली. दिवसाचे तेरा तासांहून अधिक पट्टा घालणाऱ्यांमध्ये यश ९० टक्क्यांच्या पुढे गेले. जर्मनीत कॅथरिना श्रोथ यांनी १९२१ मध्ये माइसेन येथे सुरू केलेल्या श्वसनाधारित व्यायामपद्धतीलाही आता पूरक उपचार म्हणून स्थान मिळाले आहे. श्रोथ या स्वतः स्कोलिओसिसग्रस्त होत्या. मात्र पट्ट्याचे यश बाक रोखण्यात आहे, पाठ पूर्ववत सरळ करण्यात नाही, हे कुटुंबाला प्रारंभीच सांगावयास हवे.

सर्वाधिक मोलाची गोष्ट आहे ती वेळ. बाक झपाट्याने वाढतो तो उंची वाढण्याच्या दीड-दोन वर्षांत, आणि पट्ट्याचा उपयोगही त्याच काळात असतो. ही खिडकी एकदाच उघडते. त्यातले आठ-दहा महिने पॅकेजच्या बैठकांत गेले, तर २८ अंशांचा बाक ४५ च्या पुढे जाऊ शकतो, आणि जी शस्त्रक्रिया टाळण्यासाठी धडपड केली तीच पुढ्यात उभी राहते. प्रगती दाखविण्यासाठी वारंवार क्ष-किरण तपासण्या होत असतील, तर तोही धोकाच आहे. १९१२ ते १९६५ या काळात अशा तपासण्यांना सामोऱ्या गेलेल्या साडेपाच हजारांवर अमेरिकी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेहून सुमारे ७० टक्के अधिक आढळले होते. आजची यंत्रे बरीच सौम्य आहेत. पण तपासणी कारणापुरतीच असावी, हा धडा कायम आहे.

पालकांना केवळ भोळे ठरवून मात्र चालणार नाही. मुंबईच्या दमट हवेत गणवेशाखाली अठरा तास प्लॅस्टिकचा पट्टा घालणे ही चौदा वर्षांच्या मुलीसाठी शिक्षा असते. वर्गातील नजरा, लग्नाच्या बाजारात हे कळू नये म्हणून घरातूनच होणारी लपवालपवी, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वाट्याला येणारी पाच मिनिटे, या साऱ्यातून जी पोकळी निर्माण होते, ती तासभर आस्थेने बोलणारा उपचारक भरून काढतो. त्याचे बोलणे खोटे असेल, पण ऐकून घेणे खरे असते. प्रस्थापित वैद्यकाने हे आधी शिकावयास हवे.

कायद्याची बाजू लंगडी आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरांची नोंदणी सक्तीची झाली. ऑस्ट्रेलियात तान्ह्या बाळांवरील हाताळणीबाबत वादंग झाल्यानंतर २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांच्या मणक्यांच्या हाताळणीला तेथील नियामक मंडळानेच मनाई केली. ती उठविण्याचा निर्णय २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांच्या दबावाखाली फिरवावा लागला. भारतात मात्र २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्यात भौतिकोपचाराला स्वतंत्र स्थान आहे, कायरोप्रॅक्टिकला नाही. परिणामी परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेला उपचारक आणि अल्पमुदतीचा वर्ग करून पाटी लावणारा यांतील फरक सामान्य माणसाने ओळखायचा कसा? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आहे. 'कणा सरळ करून देतो' या दाव्याला तो लावून पाहावयास हरकत नाही.

घरात करण्याजोगी गोष्ट त्याहून सोपी आहे. दहाव्या वर्षानंतर मुली स्वतः आंघोळ करू लागतात आणि त्यांची पाठ आईच्या नजरेआड जाते. वर्षातून दोनदा मुलीला पाय जुळवून, हात खाली सोडून कमरेतून वाकावयास सांगावे व मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांपर्यंत जातातच. तपासायच्या विकारांच्या यादीत स्कोलिओसिस नसला, तरी मिनिटभराची ही नजर त्यांनाही टाकता येईल.

आणि कोणी झटपट सरळीकरणाचे आश्वासन दिलेच, तर एकच सरळ सवाल विचारावा : सहा महिन्यांत बाक वाढला, तर आपण पुढे काय सांगणार? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याच्या हाती मुलीची वाढीची वर्षे सोपवू नयेत.