शितावरून भाताची परीक्षा होते, रायफलची नाही

फायरिंग रेंजवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी थाप म्हणजे, "माझी रायफल शंभर यार्डांवर अर्ध्या इंचात मारते." गंमत अशी की थाप मारणारा माणूस बहुधा प्रामाणिक असतो. त्याच्या पाकिटात पुरावाही असतो: एकमेकांना चिकटलेली तीन भोकं असलेला कागद. त्याच दुपारी त्याने आणखी पाच-सहा कागद फाडून टाकलेले असतात, ते मात्र त्याच्या लक्षात राहत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. तीन फैरींच्या ग्रुपवरून कोणतंही काडतूस चांगलं की वाईट ते ठरवू नये. शिकारीच्या रायफलसाठी हाताने भरलेल्या काडतुसांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

हाताने काडतूस भरणं हा प्रकार आपल्यापैकी अनेकांना नवा असेल. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकारीचा विषय संपला. परवानाधारकाला मिळतात ती मोजकी, कारखान्यात बनलेली काडतुसं. फौजेत तर फायरिंग संपलं की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात. एक कमी भरली, तर अख्खी कंपनी गवतात ओणवी होऊन शोधते. अमेरिकेत लोक त्याच पुंगळ्या घरी नेतात आणि पुन्हा भरतात.

कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला स्टाफ कोर्ससाठी वर्षभर होतो, तेव्हा ही विद्या जवळून पाहता आली. तिथे परदेशी अधिकाऱ्यांच्या कुटुंबांची काळजी घ्यायला एकेक स्थानिक कुटुंब नेमून दिलेलं असतं. आमचे यजमान निवृत्त सैनिक होते, गावाबाहेर त्यांची शेती होती आणि डिसेंबर लागला की पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार हा त्यांचा वर्षाचा सण होता. गॅरेजच्या एका कोपऱ्यात त्यांचा काडतुसांचा कारखाना. झाडलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, जुनी कॅप काढून नवी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. दारूचं वजन ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेन म्हणजे एक पाउंड.

परीक्षेची रूढ पद्धत अशी: पुस्तकात दिलेल्या किमान आणि कमाल वजनांच्या मधे ०.३ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २० मिलिग्रॅमच्या, पायऱ्या पाडायच्या. प्रत्येक पायरीची तीन-तीन काडतुसं झाडायची. ज्या पायरीचा ग्रुप सर्वात लहान, ती या रायफलची 'आवडती'. मग वर्षभर तीच भरायची.

मला पायऱ्यांची शंका होती. मी म्हटलं, "सर, या खेपेला सगळ्या चोवीस काडतुसांत एकच वजन भरा. पण तीन-तीनची आठ पाकिटं करून त्यांवर ए ते एच अक्षरं टाकू, जणू आठ वेगळे प्रकार आहेत." ते हसले, पण त्यांनी भरली. शनिवारी सकाळी त्यांच्या शेतातल्या मातीच्या बंधाऱ्यासमोर १०० यार्डांवर कागद लावले. .३०८ ची बोल्ट ॲक्शन रायफल, खाली वाळूच्या पिशव्या, प्रत्येक ग्रुपनंतर नळी थंड होईपर्यंत कॉफी. मोजमाप माझ्याकडे. सर्वात लहान ग्रुप अर्ध्या इंचाहून जरासा मोठा आला, सर्वात मोठा दीड इंचाचा. पाकिटांवर वेगवेगळी वजनं लिहिलेली असती, तर आम्ही 'सी' ला विजेता ठरवून 'एफ' ची कृती वहीतून खोडली असती. आत दारू मात्र सगळीकडे सारखीच होती.

यात चमत्कार काही नाही. ग्रुप मोजताना आपण सर्वात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजतो. फैरी वाढल्या की ते अंतर वाढू शकतं, कमी कधीच होत नाही. रायफल, नेमबाज आणि काडतूस तेच असलं, तरी पाच फैरींचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतो आणि दहाचा दीडपटीहून जास्त. शिवाय तीनचा ग्रुप लहरी. सरासरी एक इंचाचा ग्रुप देणारी रायफल काहीही न बदलता एकदा ०.६ दाखवते, एकदा १.४. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण अख्खं पातेलं एकाच वाफेवर शिजलेलं असतं. गोळ्या मात्र मुळातच विखरून पडतात. तो विखुरलेपणा किती आहे, हाच तर आपला प्रश्न असतो.

शिकारी यावर एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. शिकारीच्या रायफलची नळी पातळ असते, चार-पाच फैरींत तापते आणि तापली की मार सरकू शकतो. हरणावर तर एकच गोळी झाडायची असते. मग दहा फैरींचा ग्रुप घेऊन काय सिद्ध होणार? तोडगा यजमानांनीच काढला. रोज सकाळी गार नळीने एकच फैर, त्याच कागदावर, दहा दिवस. थंडी, वारा, अर्धवट झोप, सगळं त्या कागदात उतरलं. दहा सकाळींचा ग्रुप पावणेदोन इंचांचा भरला. त्यांच्या पाकिटातल्या कागदाच्या तिप्पट, पण शिकारीच्या दिवशी रायफल काय करील हे सांगणारा.

हा आकडा वाईट नाही. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण आठ इंचांचं लक्ष्य होतं. १०० यार्डांवर पावणेदोन इंच म्हणजे २०० यार्डांवर साडेतीन. शांत हाताला तेवढं पुरतं. घात होतो तो अर्ध्या इंचाच्या खोट्या खात्रीने. त्या खात्रीवर माणूस साडेतीनशे-चारशे यार्डांवरची फैर घेतो. कॅन्ससमध्ये वारा सहसा पडत नाही, आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०८ ची गोळी ३०० यार्डांवर सहा-सात इंच ढकलतो. अशा वेळी गोळी पोटात लागते आणि जनावर कुठल्यातरी झुडपात तासन् तास तडफडत मरतं. आपल्या खोट्या खात्रीची किंमत तिसराच कोणी चुकवतो. त्या मोसमात यजमानांनी २०० यार्डांपलीकडे फैर घ्यायची नाही असं ठरवलं आणि दारूच्या पायऱ्या पाडणं सोडून एकाच वजनावर सराव केला. माझ्या मते खरी प्रगती ती.

आता आपल्या घरात येऊ. २०१९ मध्ये आपण ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या. त्यांचं ७.६२×५१ आणि हे .३०८ सख्खी भावंडं म्हणावीत इतकी जवळची. रायफल कोणतीही असो, झीरोइंगच्या दिवशी जवान तीन फैरी झाडतो, उस्ताद ग्रुपचा मध्य बघतात आणि साइट फिरवतात. पुढच्या तीन फैरी दुसरीकडे पडतात, साइट पुन्हा फिरते. दुपारपर्यंत जवान स्वतःच्या नशिबामागे धावत असतो आणि शेवटी ठपका त्याच्या ट्रिगरवर येतो. तीन फैरींवरून काढलेला मध्य दहा फैरींवरून काढलेल्या मध्यापेक्षा जवळजवळ दुप्पट चुकीचा असू शकतो. दोष असेलच तर घाईचा.

"एवढा ॲम्युनिशन कुठून आणायचा?" हा प्रश्न येणारच. नवीन काही लागत नाही. दर वेळी साइट फिरवण्यात जातात त्याच फैरी साइट न फिरवता एका कागदावर झाडा, मग मध्य काढून एकदाच फिरवा. त्या कागदावर रायफल नंबर, काडतुसांचा लॉट नंबर, तारीख आणि वारा लिहा. पुढच्या फायरिंगला, लॉट तोच असेल तर, तो कागद शेजारी ठेवा आणि दोन्ही मिळून एक ग्रुप समजा. फक्त एक पथ्य पाळायचं: वाईट दिसतो म्हणून कागद फाडायचा नाही.

ज्या माजी सैनिकांनी पलटणीच्या शूटिंग टीम घडवल्या, त्यांच्या जुन्या वह्यांमध्ये असे ढिगाने कागद असतील. ते रद्दीत जाऊ देऊ नका. नव्या उस्तादांना दाखवा, आणि सर्वात मोठा ग्रुप सर्वात आधी दाखवा.