घाटात एकट्यानंच जावं!

दहा बाईक्स एकत्र निघाल्या की घाट राहतो बाजूला, शर्यत सुरू होते. म्हणून माझं ठाम मत – एकदा तरी एकट्यानं जा. पहाटे भोर सोडा, नीरा-देवघरचं पाणी बघत वरंधा घाट गाठा, वाघजाईपाशी भजी खा. मागे पडलो म्हणून गाडी पिळायला नको!

पण मित्रांनो, एकटं म्हणजे बेफिकीर नव्हे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट, हे पेपरात लिहितो तसं वळणावरही आठवावं. उतारावर न्यूट्रल नको, खालचा गिअर ठेवा. सतत दाबून तापलेला ब्रेक पकड सोडतो. दरडींमुळे पावसाळ्यात घाट बंदही ठेवतात, आधी चौकशी करा. आणि रूममेटला रस्ता नि परतायची वेळ सांगूनच निघा. घाटात रेंज जाते; शोधायला येणाऱ्याला निदान दिशा तरी माहीत हवी ना!