ऊन पाण्याला नाक मुरडण्यापूर्वी

इतिहासाच्या तासाला यंत्रयुगाचा विषय निघाला, म्हणून मी नववीच्या मुलांना 1950 च्या दशकातील एका अमेरिकन धुलाईयंत्राची चित्रफीत दाखविली. यंत्राने कपडे घुसळले आणि ते साबणाचे ऊन पाणी गटारात न सोडता शेजारच्या हौदात नेऊन ठेवले. दुसरा घाणा टाकताच तेच पाणी पुन्हा यंत्रात ओढून घेतले. वर्गातून एकमुखाने "शी!" असा उद्गार निघाला. मुले हसली. लपविण्यात अर्थ नाही, मीही हसलो.

तास संपल्यावर एक मुलगी मागे राहिली. "सर, माझी आई असंच धुते," एवढेच ती म्हणाली आणि निघून गेली. तिला विचारूनच हे लिहीत आहे. नाव नको, असे तिचे म्हणणे पडले. त्या हसण्याची चूक माझ्या पदरात आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

त्या सोयीला तिकडे 'सड्स सेव्हर', म्हणजे साबणाचे पाणी राखणारे यंत्र, असे नाव होते. सीअर्सच्या केनमोर यंत्रांत ती मिळे, इतर कंपन्यांच्याही यंत्रांत मिळे. अमेरिकन घरांच्या तळघरात बहुधा दोन जोडहौद असत. यंत्राला पाणी सोडण्याच्या दोन नळ्या असत. धुण्याचे पाणी एका नळीने बूच लावलेल्या हौदात जाई, खळबळण्याचे पाणी दुसऱ्या नळीने गटारात. हौदातले पाणी स्थिर होताच माती आणि जड मळ तळाशी बसे. पंप वरचे पाणी ओढून घेई आणि तळाचे बोटभर पाणी मागे राही. मग त्यात थोडे कढत पाणी आणि थोडा साबण यांची भर घालावयाची. शेवटी कपडे निघत ते स्वच्छ पाण्यातूनच, ही गोष्ट हसताना आमच्या ध्यानातच आली नाही.

ही युक्ती यंत्राने शोधून काढली असेही नव्हे. त्याआधीच्या, कपडे पिळण्याचे रूळ असलेल्या यंत्रांत एकाच पाण्यात तीन-चार घाणे काढण्याची रीतच होती. आधी पांढरे शुभ्र कपडे, मग फिक्या रंगाचे, मग गडद आणि सर्वांत शेवटी कारखान्यातले किंवा शेतावरचे मळके. आयोवा राज्यातील न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीने असली रुळांची यंत्रे 1983 पर्यंत बनविली. हा क्रम उलटा केला तर सारे बिघडते. तेव्हा बचत होती ती क्रमाच्या ज्ञानात. यंत्र केवळ हुकमाचे ताबेदार.

काटकसर पाण्याची होती, त्याहून अधिक उष्णतेची होती. आमच्या विज्ञानशिक्षकांकडून मी हिशेब करून घेतला (मी पडलो कलाशाखेचा!). साठ लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे अडीच युनिट वीज लागते. ते पाणी एका घाण्यानंतर सोडून देणे म्हणजे ती सारी ऊब गटाराला अर्पण करणे होय. घरी आईला ही हकीकत सांगितली, तेव्हा ती यंत्राने मुळीच चकित झाली नाही. "हून उदक कोण उडयता?" एवढेच आमच्या कोकणीत म्हणाली. ऊन पाणी कोण फेकून देतो, हा तिचा प्रश्न होता आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मग ही सोय गेली का? कारणे साधी आहेत. यंत्र तळघरातून वर स्वयंपाकघराशेजारी आले, जोडहौद खालीच राहिले. कोमट पाण्यातही काम देणाऱ्या नव्या धुलाईपुडी आल्या. आजचे समोरून उघडणारे यंत्र तर पन्नास लिटरांच्या आसपास पाण्यात सगळे धुणे उरकते. जुन्या यंत्राला केवळ पहिल्या घुसळणीलाच तेवढे पाणी लागे. तेव्हा जुने ते सारे सोने, असा माझा पक्ष नाही. तान्ह्या मुलांची दुपटी, आजाऱ्याचे कपडे, रंग जाणारे नवे कापड यांना त्या राखलेल्या पाण्यात स्थान नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पाणी तासन् तास तसेच ठेवले तर ते निवते आणि त्याला वासही येतो.

परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन टोपल्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र आहे. त्यात धुण्याचे पाणी सोडावयाचे की राखावयाचे, हे अजूनही माणसाच्या हातातील खटक्यावर अवलंबून असते. तेथे दुसरा घाणा त्याच पाण्यात काढणाऱ्या गृहिणीला आपण अडाणी किंवा कृपण समजतो, आणि तेच काम करणाऱ्या परदेशी यंत्राला कंपनीने जादा सोय म्हणून विकले होते! एकाला हसावयाचे आणि दुसऱ्याला शास्त्र म्हणावयाचे, हा न्याय मला पटत नाही. त्या दिवशी वर्गात तर आम्ही दोघांनाही हसलो.

पुढच्या तासाला मी मुलांपुढे माझी चूक कबूल केली आणि घाण्यांचा क्रम फळ्यावर लिहिला: आधी पांढरे टॉवेल, मग शाळेचे सदरे, मग रंगीत कपडे, शेवटी पायपुसणी. मागच्या बाकावरून त्याच मुलीने हात वर केला. "टॉवेल सदऱ्यांच्या आधी नकोत, सर. त्यांची लव पाण्यात उतरते आणि सदऱ्यांना चिकटते." मी फळा पुसला आणि तिने सांगितला तसा क्रम पुन्हा लिहिला.