वक्ता आणि श्रोता

गणेशोत्सवात घरोघर अथर्वशीर्षाची आवर्तने होतात. त्या स्तोत्रात श्रीगजाननाकडे रक्षण मागताना वक्त्याच्या पाठोपाठ श्रोत्याचाही उल्लेख येतो. बोलणाऱ्याची वाणी घसरू नये, हे समजते. पण नुसत्या ऐकणाऱ्यावर संकट ते कोणते? आमच्या मते ते संकट म्हणजे पोकळ वक्तृत्वाची भुरळ होय. शब्दांच्या आतषबाजीत श्रोत्याचा विवेक हरपतो आणि तो हरपल्याचे त्यास उमगतही नाही.

लोकमान्यांनी १८९३ साली या उत्सवास सार्वजनिक रूप दिले, तेव्हापासून मंडपातील व्याख्यानास महत्त्व आले. खऱ्या वाणीची पारख कशी करावी, हे शिकण्यास कृष्णाकाठच्या माणसाला दूर जावयास नको. क्रांतिसिंह नाना पाटील रांगड्या बोलीत बोलत आणि हजारोंचा समुदाय खिळून राही. परंतु त्या बोलण्यामागे १९३० साली सोडलेली तलाठ्याची नोकरी आणि भूमिगत जीवनाची वर्षे होती. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग ज्यात मोडत असे, त्या जुन्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची लोकन्यायालये चालली, अल्प खर्चात विवाह लागले. बोलणे असे व्यवहारात उतरले.

गाडगेबाबा आधी खराट्याने गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. श्रोत्यांस साधे प्रश्न विचारून ते उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले. समतेवर त्यांनी किती भाषणे केली, याची मोजदाद कोण करील?

म्हणून वक्तृत्व त्याज्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. सद्विचारही नीरसपणे मांडला तर तो कानाआड होतो. नाना पाटलांची वाणी धारदार नसती, तर शेतकरी इतक्या विश्वासाने पुढे आला नसता. अलंकाराला आमची हरकत नाही. पण तो अंगावर शोभतो, रिकाम्या खुंटीवर नव्हे.

सातारा-सांगलीच्या मंडळांनी यंदा व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा. मंडपातून परतल्यावर वडीलधाऱ्यांनीही मुलांना ‘कसे बोलले?’ असे न विचारता ‘काय सांगितले, आणि त्यातले स्वतः काय केले?’ असे विचारावे. श्रोत्याच्या रक्षणाचा भार केवळ देवावर टाकून चालणार नाही. बुद्धिदात्या गजाननाने दिलेली बुद्धी ऐकतानाही जागी ठेवणे, ही त्याची पूजाच आहे.